जाळीगाड्यांची रांग

दुकानात ढकलगाड्या कुठं ठेवाव्यात, या विषयात बीड जिल्ह्यात माझ्याइतका अनुभव कुणालाच नसेल. विषय इतका किरकोळ आहे की दुसरं कुणी त्यात पडलंच नाही, त्यामुळे पहिला नंबर आपोआप माझा. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून विचारलं, नोकरीतल्या काही गमती लिहाल का? मी हो म्हणालो. या गाड्यांच्या गमती मी लग्नात, दहाव्याला, एसटीच्या बाकावर, जिथं माणूस सापडेल तिथं सांगत आलोय. लोक हसतात. त्यांचं हसणं संपायच्या आत मी उठून चहा सांगतो, कारण किस्सा तिथं संपत नाही. या वेळी चहा सांगणार नाही.

चौसाळ्याहून आत वळलं की आमचं गाव. तिथल्या सहकारी ग्राहक भांडारात मी व्यवस्थापक होतो. गाव मला 'मनेजर' म्हणायचं आणि त्यात आदर किती, टिंगल किती, हे मी कधी मोजलं नाही. भांडार म्हणजे एक लांबट पत्र्याची इमारत, पुढं सिमेंटचं अंगण. एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला हळद उडायची. तेल, साखर, साबण, चहापत्ती. आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांसाठी मिरची, मीठ, दोरखंड, ताडपत्री.

आमचे अध्यक्ष आबा. संचालकांना घेऊन ते पश्चिम महाराष्ट्रात अभ्यासदौऱ्यावर गेले आणि तिकडच्या एका मोठ्या भांडारात त्यांनी तारेच्या जाळीच्या, चार चाकांच्या गाड्या पाहिल्या. गिऱ्हाईक स्वतः गाडी ढकलतं, स्वतः माल घेतं, आणि कुणी कुणावर ओरडत नाही, हे पाहून आबा भारावले. परत आल्यावर महिन्याभरात अठरा गाड्या ट्रकमधून उतरल्या. आमच्याकडे ट्रॉली ट्रॅक्टरलाच असते, म्हणून लोकांनी यांना जाळीगाडी हे नाव दिलं.

पहिल्यांदा मी त्या आबांच्या खोलीला लागून, प्लास्टिकच्या कागदाखाली ठेवल्या. हार घातले, नारळ फोडला. पंधरा दिवस एकाही माणसानं एकाही गाडीला हात लावला नाही. लोक लांबून बघायचे आणि काउंटरवर येऊन नेहमीसारखं पावशेर तेल मागायचे. नामदेव आमचा मापाडी. माझ्या आधीपासून भांडारात होता, तेलाच्या धारेवरून वजन सांगायचा. तो म्हणाला, "सायेब, हार घातलेल्या वस्तूला लोक हात जोडत्यात, हात लावत न्हाईत."

मग मी गाड्या दारात ठेवल्या. आत नवी फरशी बसवली होती, चकचकीत. आमची माणसं अशी फरशी दिसली की उंबऱ्याबाहेर चपला काढतात, आणि चपला काढल्या की त्यांचा अर्धा जीव चपलांत राहतो. दारातच जाळीगाडी मिळाल्यावर त्यांची सोयच झाली. चपला गाडीत ठेवायच्या, गाडी ढकलत दुकानभर फिरायचं, आणि सामान मात्र पदरात नाहीतर टॉवेलात बांधायचं.

हे पहिल्यांदा केलं गयाबाईनं. माळावरच्या वस्तीवर राहायची, साठीच्या पुढची, काटक, तोंडाची फटकळ. मुलगा अंकुश आणि सून दरवर्षी ऊसतोडीला जायचे, आणि मागं गयाबाई, दोन नातवंडं नि दोन शेळ्या. मी धावत गेलो आणि शहाण्यासारखं सांगितलं, "मावशी, यात सामान ठेवायचं असतं."

"मंग चपला काय पाव्हण्या हायेत?" ती म्हणाली आणि गाडी घेऊन पुढं गेली.

मी पाटी लिहिली: 'गाडीत चपला ठेवू नयेत'. निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. उरलेल्या निम्म्यांपैकी बऱ्याच जणांना पाटीवरून एवढंच कळलं की इथं चपला ठेवतात. आठवड्याभरात चपला घेऊन फिरणाऱ्या गाड्यांची संख्या वाढली.

तिसऱ्या खेपेला मात्र मला अक्कल आली, आणि या धंद्यातली जी एकच गोष्ट मी स्वतः शोधून काढली ती ही. गिऱ्हाईक दारातून येतं तेव्हा त्याचे हात मोकळे असतात, त्याला गाडीची गरज वाटत नाही. साखर घेतली, एक हात गेला. तेलाचा डबा घेतला, दुसरा गेला. मग ते साबणाकडं बघतं आणि मागं वळतं. घ्यायचं नसतं म्हणून नाही, धरायला हात नसतो म्हणून. मी दारातल्या गाड्या उचलल्या आणि सहा तेलापाशी, सहा साखरेपाशी, बाकीच्या धान्यापाशी उभ्या केल्या. हात भरले की समोर गाडी. लोक काही न सांगता गाड्या घ्यायला लागले. चपला बाहेर राहिल्या. हात भरतात तिथं गाडी ठेवावी, हे माझं वाक्य आबांनी वार्षिक सभेत स्वतःचं म्हणून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मी पण वाजवल्या.

इथपर्यंतचा किस्सा सांगून मी उठतो.

पुढच्या साली पाऊस झालाच नाही. श्रावणात दोन शिंतोडे आले आणि ढग निघून गेले. दिवाळीच्या आधीच गाव रिकामं झालं, एरवी न जाणारी माणसंही कोयता घेऊन गेली. मागं म्हातारी माणसं, पोरं, आणि ज्यांना कुठंच जाता येत नव्हतं असे. भांडारात दिवसाला दहा गिऱ्हाइकं आली तर गर्दी वाटायची. जाळीगाड्यांवर धूळ बसली. मी नामदेवकडून त्या पुसून घ्यायचो, कारण दुसरं कामच नव्हतं.

पुढं हातपंप गेले, विहिरी गेल्या आणि गावाला टँकर सुरू झाला. टँकर वळायला जागा होती ती फक्त भांडाराच्या अंगणात, म्हणून तो तिथंच थांबायचा. एक दिवसाआड यायचा असं म्हणायचे. खरं म्हणजे यायचा तेव्हा यायचा. बायका डोक्यावर दोन, कमरेवर एक अशी भांडी घेऊन माळावरच्या वस्तीपर्यंत जायच्या. मी दारात उभा राहून बघत होतो, आणि एके दिवशी माझ्या डोक्यात माझंच वाक्य वाजलं. हात तर तिथं भरत होते.

मी अठराही गाड्या बाहेर काढून पत्र्याच्या शेडखाली लावल्या आणि सांगितलं, न्या पाण्याला, फक्त परत आणा. आबा बिघडले. चाकं झिजतील म्हणाले. मी म्हणालो, आबा, गाड्या सभासदांच्याच हायेत की. ते आपल्या खोलीत निघून गेले. माझ्या नोकरीत मी केलेलं हे एकमेव चांगलं काम, आणि ते करून मला झालेला गर्व पुढच्या सगळ्याला कारण झाला असं मला वाटतं.

गाडीत लेकरू बसवायची एक घडीची बैठक असते. तिथं कळशी, खाली दोन हंडे, वर एक डबा. कच्च्या रस्त्यावर चाकं अडायची, पण डोक्यावरून उतरलेलं ओझं उतरलेलंच असतं. दोन-दोन घरांत एक गाडी वाटून घेतली. प्रत्येकीनं गाडीला ओळखीची चिंधी बांधली: कुणी जुन्या लुगड्याचा काठ, कुणी पोराच्या सदऱ्याची पट्टी. गयाबाईची हिरवी होती.

आणि बायकांनी एक रीत लावली. मी नाही, त्यांनी. गाड्या शेडखाली रांगेत कायम उभ्या राहायच्या, भांड्यांसकट. टँकर आला की पहिल्या गाडीपासून पाणी. ज्या गाडीपाशी टँकर संपला, ती आणि तिच्यामागच्या गाड्या पुढं सरकायच्या. ज्यांनी पाणी नेलं त्या घरी पाणी उतरवून येऊन मागं लागायच्या. त्यामुळे एकदा राहिलेली बाई पुढच्या खेपेला पहिली. कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं. कुणाला पाणी मिळालं नि कुणाला नाही, हे फक्त त्या गाड्या कशा उभ्या आहेत यावरून कळायचं. इतक्या बायका, इतकं कमी पाणी, आणि महिनाभर भांडण नाही. मी भांडाराच्या दारात उभा राहून ते बघायचो आणि मनात म्हणायचो, बघा, आपल्या गाड्या.

मग सहकार खात्याची तपासणी लागली. आबांनी मला बोलावलं आणि साहेबांना गाड्या नीट दिसल्या पाहिजेत एवढंच सांगितलं. नीट म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. ते मी ठरवलं.

त्याच्या आदल्या खेपेला टँकर अर्धाच आला होता आणि गयाबाईच्या गाडीच्या आधी संपला. त्यानंतरची खेप आलीच नाही. म्हणजे हिरव्या चिंधीची गाडी पहिली उभी होती, आणि गयाबाई चार दिवस शेजारणीच्या तांब्या-तांब्यावर होती. हे मला माहीत होतं. सकाळीच ती गाडी बघून गेली होती. जाता जाता मला म्हणाली, "मनेजर, उद्या पयली मी हाय. शेळ्या सुदिक वळखत्यात मला आता पान्यावाली म्हनून."

संध्याकाळी पाचला दुकान बंद करताना बायका घरी गेल्या होत्या. मी शेडकडं बघितलं. अठरा गाड्या, वाकड्यातिकड्या, त्यांत पोचे पडलेली भांडी, वर रंगीबेरंगी चिंध्या. साहेब उद्या हे बघणार. या गाड्यांची एक खुबी अशी की त्यांची मागची जाळी वर उचलली जाते आणि एक गाडी दुसरीत घुसते. अठरा गाड्या घुसवल्या की तीन-चार गाड्यांइतकी जागा लागते आणि दिसायला फार देखणं दिसतं. पश्चिमेकडच्या भांडारात त्या तशाच असतात, असं आबा म्हणाले होते.

मी नामदेवला हाक मारली. तो शेडपाशी आला आणि थांबला.

"सायेब, ह्या लायनीला हात लावू नका," तो म्हणाला. "ही बायांची हाय."

"नामदेव, उद्या तपासणी आहे. परवा पुन्हा लावू."

"कुनामागं कोन व्हतं ते तुमी सांगताल का परवा?"

मी म्हणालो, त्या बायकांना सगळं पाठ असतं. त्यानं मान हलवली आणि जाऊन पायरीवर बसला. माझ्या हाताखालचा माणूस ऐकत नाही म्हटल्यावर मला आणखीच जोर आला. सगळं मी एकट्यानं केलं. भांडी काढून भिंतीला लावली, आणि नुसती लावली नाहीत. मालाची मांडणी करायची सवय, म्हणून पितळी एकीकडं, प्लास्टिकची एकीकडं, मोठी मागं, लहान पुढं. चिंध्या सोडल्या, गोणपाटात कोंबल्या. गाड्या एकात एक घुसवल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. मग दहा पावलं मागं जाऊन बघितलं. खरं सांगतो, मला फार छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले म्हणून की काय, टँकरही सकाळीच आला. साहेब आत चहा घेत होते. बाहेर आवाज वाढत गेला. पहिल्यांदा बायका आपापली भांडी शोधत होत्या. मग कोण कुणाच्या पुढं होती यावरून सुरू झालं. मग कुणी पाइप ओढला. कुणाला खोटं बोलायचं होतं असं नाही. सगळ्यांना आपापला नंबर साधारण आठवत होता, आणि साधारण आठवणं पाण्याच्या रांगेत काही कामाचं नसतं. ज्यांच्या अंगात जोर होता त्यांनी भरलं. बरंचसं पाणी सिमेंटवरच गेलं.

साहेब दारातून गाड्यांकडं बघून म्हणाले, "व्यवस्था चांगली ठेवलीये."

मी हात जोडले. तेवढ्यात गयाबाई आत आली. चपला दारात काढून आली. हातात रिकामी कळशी. ओरडली नाही, शिवी दिली नाही. ती शिवी देईल याची मी वाट बघत होतो.

"मनेजर," ती म्हणाली, "माझा नंबर कुटं ठिवला?"

मी म्हणालो, "मावशी, साहेब आलेत. जरा वेळानं या."

"काय म्हणतायत त्या?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. गिऱ्हाईक आहे."

तिनं साखरेच्या पोत्याकडं, तेलाकडं, आणि मग माझ्याकडं बघितलं. "बरं. चालू द्या तुमचं," म्हणाली, आणि चपला घालून गेली. तिच्या पाठीमागं जाऊन निदान भांडारातला पिण्याचा माठ तिच्या कळशीत ओतावा, हे मला सुचलं तेव्हा साहेबांची गाडी निघून तास झाला होता.

माळाच्या पलीकडं ओढ्यात एक जुनी विहीर आहे. तळाला झिरपा होता. कुणी खाली उतरून वाटीवाटीनं भरलं तर तासाभरात कळशी निघायची. पायऱ्या निम्म्या ढासळलेल्या. जाणती माणसं तिथं जात नव्हती. दुपारी एक धनगर मेंढ्या घेऊन तिकडून गेला, त्याला काठावर चपला दिसल्या. नीट जोडून ठेवलेल्या. मग खाली कळशी दिसली, आणि मग ती.

दोर लावून तिला वर काढली. बाजेवर घालून आणली ती भांडाराच्या अंगणात, कारण जीप तिथंच मिळायची. शुद्ध होती, पण बोलत नव्हती. आदल्या संध्याकाळी मी ज्या भिंतीला भांडी रचली होती, तिच्या सावलीत बाज ठेवली. बायका गोळा झाल्या. गाड्या कुणी आवरल्या, हे एकीनं विचारलं. मग दुसरीनं. मी आत जाऊन जीपवाल्याला फोन लावतोय असं दाखवत राहिलो. जीप कधीच अंगणात उभी होती.

बीडच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली. अंकुश आणि सून उसाच्या फडातून पोचले तेव्हा उशीर झाला होता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी अंकुश भांडारात आला. पाव्हण्यांसाठी चहापत्ती आणि साखर पाहिजे होती. उन्हानं काळा पडलेला, हाताला कोयत्याचे घट्टे. नामदेव साखर मोजत होता. अंकुश काउंटरला टेकून म्हणाला, "सायेब, एक इचारू का?"

"विचार."

"म्हातारीचा नंबर कितवा व्हता त्या दिशी?"

"पहिला," मी म्हणालो. खोटं सुचलं नाही म्हणून खरं बोललो.

"पयला व्हता," तो म्हणाला. "मंग हिरीत कावून गेली?"

मी तोंड उघडलं. मी बोलणार होतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. नामदेवनं तागडी खाली ठेवली आणि माझ्याकडं एकदा बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तो थांबला होता, मी बोलावं म्हणून. मी काउंटरवरची वजनं उचलून एकावर एक रचायला लागलो. मोठं खाली, लहान वर.

"माझी चुकी झाली बाबा," नामदेव म्हणाला. "गाड्या म्या आवरल्या. कुनाचा नंबर कुटं ते ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

अंकुश मागं वळला. साखरेची पिशवी न घेताच गेला. नामदेवच ती नंतर वस्तीवर पोचवून आला. कसं बोलले, काय बोलले, मी विचारलं नाही.

त्यानंतर गावातल्या बायका नामदेवच्या हातून तेल घेईनात. तो माप घेऊन उभा राहायचा आणि त्या म्हणायच्या, मनेजर, तुमी द्या. मी द्यायचो. पाऊस पडायच्या आत त्यानं नोकरी सोडली आणि चौसाळ्याला लेकीकडं गेला. जाताना मी म्हणालो, नामदेव, तू असं कावून केलंस? तो म्हणाला, "तुमच्यावर दुकान व्हतं, सायेब. माझ्यावर काय व्हतं?" आणि पिशवी खांद्याला लावली.

गाड्या बायकांनी गयाबाईला बीडला नेलं त्याच दिवशी एकमेकींतून ओढून काढल्या आणि पुन्हा रांगेत लावल्या. नवीन चिंध्या बांधल्या. पहिली गाडी रिकामीच ठेवली, चिंधीही नाही. टँकर आला की बाकीच्या सरकायच्या, ती पहिलीच राहायची, आणि तिच्यात कुणी भांडं ठेवत नव्हतं. दुष्काळ उठेपर्यंत ती तशीच होती. मला कुणी काही बोललं नाही. उलट मी गाड्या पाण्याला दिल्या म्हणून आबांनी सभेत माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला. मी तो घेतला.

भांडार पुढं बंद पडलं, गाड्या कुठं गेल्या माहीत नाही. नामदेव अजून आहे. डोळ्याला कमी दिसतं, पण तेलाची धार ऐकून वजन सांगतो म्हणे. अंकुश यंदा कोयत्याला गेला नाही, गुडघे गेलेत, वस्तीवरच असतो.

संपादकांना मी कळवलंय की मला अंकाच्या दोन प्रती पाहिजेत. एक चौसाळ्याला द्यायची, एक वस्तीवर. नामदेवला वाचण्याइतकं दिसत नाही आणि अंकुशला वाचता येत नाही. म्हणजे दोन्हीकडं बसून मलाच वाचून दाखवावं लागेल.